एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरकीचा अर्ज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२२ साली मी आर्मी मेडिकल कोअरमधली बावीस वर्षांची नोकरी संपवून सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी पेन्शनीवर आलो. काम नर्सिंग असिस्टंटचे. पलटणीत जवान आम्हाला 'डॉक्टरसाब' म्हणत आणि गावात मी 'मिलिटरीतला डॉक्टर'. प्रत्यक्षात मी डॉक्टर नव्हतो. जखमा बांधल्या, सलाइन लावले, बर्फातून स्ट्रेचर खाली आणले. पण औषध लिहून द्यायचे ते कॅप्टनसाहेबांनी. त्यांच्या सहीकडे बघत बावीस वर्षे गेली.

त्याच वर्षी मार्चमध्ये बातमी आली, की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'नीट' परीक्षेसाठी वयाची वरची अट काढून टाकली. आधी खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३० वर्षांची मर्यादा होती. मी ४१ वर्षांचा. घरी विषय काढला. बायको एवढेच म्हणाली, "फॉर्म भरा, पण कर्ज काढायचं नाही."

मग सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला, "तुम्ही मिलिटरीवाले, पुण्याच्या एएफएमसीत जा." एएफएमसीला चोवीस वर्षांच्या आतला अविवाहित उमेदवार लागतो. मी दोन लेकरांचा बाप! दुसरा सल्ला, "माजी सैनिकांचा कोटा असेलच." महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशात संरक्षण दलाच्या राखीव जागा आहेत, पण त्या सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी. माझ्या नोकरीचा फायदा माझ्या मुलीला मिळतो, मला नाही. तिसरा गैरसमज आमच्याच माणसांचा. दहावी झालेल्या जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पदवीच्या बरोबरीचे प्रमाणपत्र मिळते. ते काही सरकारी नोकऱ्यांना चालते, 'नीट'ला नाही. इथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी घेऊन बारावीच लागते, खुल्या गटाला विज्ञान विषयांत पन्नास टक्के. माझी बारावी १९९९ ची, अठ्ठावन्न टक्क्यांची. ट्रंकेच्या तळाशी गुणपत्रिका सापडली, म्हणून अर्ज तरी भरता आला.

परीक्षा १८० प्रश्नांची, ७२० गुणांची. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले की एक वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. निम्मे गुण बायॉलॉजीचे, तेव्हा वाटले, हे तर आपलेच रान. मला अंधारात नस सापडते. पण प्रश्न होता शेवाळाच्या पुनरुत्पादनाचा! परीक्षा तुमची सेवा विचारत नाही. सुरुवातीला याचा राग आला. मग वाटले, माझ्या शेजारच्या बाकावर बसलेल्या पोरालाही कुणी त्याच्या बापाचे नाव विचारत नव्हते. ते बरेच होते.

२०२३ ला मला १७१ गुण पडले. त्या वर्षी खुल्या गटाची पात्रता १३७ ची होती. गावच्या पोरांनी एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला, 'नीट उत्तीर्ण, भावी डॉक्टर'. मी तो रात्री स्वतः उतरवला. पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, हे किती जणांना समजावणार? सरकारी महाविद्यालयाची जागा त्याच्या कितीतरी वर संपते.

फ्लेक्सची बातमी एका एजंटापर्यंतही गेली. पेन्शनीवर आलेल्या माणसाच्या हातात एकरकमी पैसा असतो, हे या लोकांना पक्के ठाऊक असते. "साहेब, खासगीत जागा करून देतो, आधी थोडी रक्कम भरा." माजी सैनिक बंधूंनो, हे नीट ऐका. राज्यातले प्रवेश सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात. हातावर आगाऊ रक्कम मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

२०२४ ला ३८८ गुणांपर्यंत गेलो. तेवढ्यात मुलगी बारावीला आली. रात्री एकाच टेबलावर दोघे बसायचो. फिजिक्स ती मला शिकवायची. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मी तिला. ४ मे २०२५ ला दोघांनी परीक्षा दिली, वेगवेगळ्या केंद्रांवर. त्या वर्षीचे फिजिक्स फार अवघड होते. मी ३५२ वर आलो. ती माझ्या पुढे गेली, आणि माजी सैनिकाची मुलगी म्हणून तिला सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. तिचे सैनिक कल्याण कार्यालयाचे कागद घेऊन रांगेत मीच उभा होतो. आनंद झाला. आणि खरे सांगतो, घशात थोडे अडकलेही.

मी हिशेब मांडला. साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग सरकारी बंधपत्राची सेवा. पन्नाशी ओलांडली असती. त्याची भीती नव्हती. ओडिशात एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० मध्ये चौसष्टाव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतला. पण माझे गुण वाढायचे थांबले होते. मी थांबलो.

अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून 'फिजिशियन असिस्टंट' हा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडेही २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात 'फिजिशियन असोसिएट' हे नाव आले आहे. लष्करातल्या अनुभवाला त्या वाटेवर थोडी सूट मिळाली, तर खेड्यातल्या दवाखान्यांना तयार हात मिळतील.

तोवर, ज्यांना 'नीट' द्यायची आहे त्यांनी जरूर द्यावी. फक्त तीन गोष्टी आधी ठरवा: किती वर्षे देणार, किती पैसे घालणार, आणि कुठे थांबणार. पलटणीत आपण चौकी सोडायचीही वेळ ठरवून जातो.

मी आता तालुक्याच्या एका दवाखान्यात काम करतो. चिठ्ठीवर सही डॉक्टरबाईंची असते. मुलीने परवा फोनवर विचारले, "बाबा, पहिल्यांदा मेलेल्या माणसाला हात लावताना तुम्हाला भीती वाटली होती?" मी म्हटलं, "वाटली होती. सांगतो, बस." तासभर बोललो.