बॅटरीची तहान

नाशिकांत गोदावरीला गंगा म्हणण्याची जुनी चाल आहे. गंगापूरच्या धरणांतून घरोघर येणारें तिचें पाणी शुद्ध केल्यावर पिण्यास उत्तम. परंतु माळ्याखालीं ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीस तेंच पाणी अपायकारक ठरतें. अनेकांना हें नवल वाटेल; कारण मात्र साधें आहे.

फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे यांनीं १८५९ मध्यें शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी सिद्ध केली. इन्व्हर्टरची नेहमींची बॅटरी तिच्याच कुळांतली. ती पूर्ण भरल्यावरही वीज येत राहिली, तर पाण्याचें विघटन होतें. अशा एका अँपिअर-तासामागें प्रत्येक कप्प्यांतील सुमारें एक तृतीयांश ग्रॅम पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन उडून जातें. आम्ल मागें राहतें. म्हणून भर घालावयाची ती पाण्याची, आम्लाची नव्हे. आम्ल घातल्यास द्रव तीव्र होऊन पट्ट्या लवकर झिजतात; कांहींच न घातल्यास पट्ट्यांचा उघडा पडलेला भाग कडक होऊन निकामी होतो.

मग नळाचें पाणी कां नको? पाणी तापविण्याच्या बंबांत जो पांढरा थर सांचतो, त्यांतच उत्तर आहे. पाणी जातें, क्षार राहतात. बॅटरींतही प्रत्येक भरीबरोबर ते वाढत जातात. क्लोराइडांनीं पट्ट्या कुरतडल्या जातात, आणि लोहामुळें भरलेली वीज आपोआप ओसरते. याकरितां वाफ थंड करून मिळविलेलें, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच वापरावें.

उन्हाळ्यांत महिन्यांतून एकदां तरी पातळी पाहावी. बॅटरी भरतांना द्रव वर चढतो. म्हणून ती पूर्ण भरल्यावरच खुणेपर्यंत पाणी घालावें. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढेंच पाणी आधीं घालावें व उरलेलें नंतर. इन्व्हर्टर बंद करून, डोळ्यांस चष्मा लावून, खिडक्या उघड्या ठेवून हें काम करावें. जवळ दिवा वा आगकाडी नसावी, कारण हवेंत शेंकडा ४ हायड्रोजन झाला कीं तो ठिणगीनें पेटूं शकतो. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्यानें धुवावें. सीलबंद बॅटरी मात्र कधींही उघडूं नये.

भर पावसांत रात्रीं वीज जाते. आजारी माणसाच्या उशाशीं प्राणवायूचें यंत्र चालू असतें. अशा वेळीं बॅटरीनें दगा दिला, तर तो बहुधा त्या रात्रीं घडलेला नसतो. कित्येक महिने झांकण उघडून पाहण्याचा आळस केल्याचें तें फळ असतें.