काउंटरपलीकडचे दोघे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी वरोऱ्याचा. आनंदवनाचे गाव म्हणून वरोरा देशाला ठाऊक आहे. माझी नोकरी मात्र बहुतेक वैनगंगेच्या पलीकडे झाली. बँकेच्या लहान लहान शाखा, पत्र्याचे छप्पर, एक तिजोरी, एक शिपाई आणि पावसाळ्यात हमखास बंद पडणारा फोन. त्या काउंटरवर मला जी माणसे भेटली त्यांतल्या दोन समाजांविषयी आज बोलायचे आहे. एक मुलचेरा भागातले बंगाली आणि दुसरे भामरागडचे माडिया. दोघेही गडचिरोली जिल्ह्यातले, दोघेही धान पिकवणारे, दोघेही गरीब. पण या दोघांची तुलना करताना मी कितीतरी वर्षे चुकत होतो. ती चूक माझ्या एकट्याची नव्हती, म्हणून ती जाहीरपणे सांगतो.

1986 साली माझी बदली मुलचेऱ्याकडे झाली. आष्टीला वैनगंगा ओलांडून आत शिरलो आणि एका गावात उतरलो तो चकितच झालो. दारात तुळस, अंगणात केळी, बायकांच्या हातात शंखाच्या बांगड्या, आणि कानावर येणारी भाषा बंगाली! चांदा जिल्ह्याच्या जंगलात ही माणसे आली कुठून?

ती आली होती फाळणीतून. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे वर्षानुवर्षे येत राहिले. 1964 च्या दंगलींनंतर तर ते फारच वाढले. पश्चिम बंगालात जागा पुरेना. मग रायपूरजवळ मानाची छावणी उभी राहिली आणि तिथून कुटुंबे मध्य भारताच्या जंगलांत पाठवण्यात आली. कोणी कोरापुटला, कोणी बस्तरला, आणि काही आपल्या चांदा जिल्ह्यात. बहुतेक लोक नमःशूद्र समाजाचे, जातीने दलित, धंद्याने शेतकरी आणि मासेमार. ज्यांनी आयुष्यभर नद्या आणि खाड्या पाहिल्या, त्यांना सरकारने मुरमाड जमीन आणि साग दाखवला. दंडकारण्यात वसवलेल्यांपैकी हजारो कुटुंबांना हे सोसवले नाही. 1978 साली ती सुंदरबनाकडे परत निघाली, आणि 1979 मध्ये मरीचझापी बेटावर त्यांचे काय झाले हा बंगालच्या इतिहासातला एक दुखरा भाग आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक टिकून राहिले.

मी गेलो तेव्हा त्यांनी चांगला जम बसवला होता. जंगल साफ करून बांध्या काढल्या होत्या. ज्या बोडीत आपले लोक म्हशी धूत, त्या बोडीत यांनी मासे सोडले होते. बाजाराच्या दिवशी भाजीची दुकाने बहुतेक यांचीच. कर्ज घ्यायला येत, आणि सुगी झाली की फेडायलाही येत. ‘मॅनेजरबाबू, या वर्षी थोडे जास्त द्या, पंप घ्यायचा आहे,’ असे म्हणत एक म्हातारा दरवर्षी यायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा तो दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवायचा. मी कागद पाहायचा, नो-ड्यूज दाखला पाहायचा आणि सही करायची.

1992 मध्ये माझी बदली भामरागडकडे झाली. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमावरचे ते गाव. पर्लकोटेला पूर आला की जगाशी संबंध तुटायचा. तिथे एक दिवस एक माडिया माणूस शाखेत आला. माडियांच्या बोलीत आपल्यासारखे ‘आपण, तुम्ही’ नाही. साहेब असो वा शिपाई, तो सगळ्यांना ‘तू’च म्हणतो. तो म्हणाला, ‘तू पैसा देते म्हणे. बैल मेला. मला दे.’

मी सातबारा मागितला. नव्हता. किती जमीन, विचारले. त्याने नाल्यापासून मोहाच्या झाडापर्यंत हात फिरवून दाखवला. मालक कोण, विचारले. तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याचे वडील तिथेच कसत, आजाही तिथेच कसत असे. पण सरकारदफ्तरी ती जमीन जंगलाची होती आणि तो अतिक्रमण करणारा. मी नियमाप्रमाणे नाही म्हणालो. तो रागावला नाही, रेंगाळलाही नाही. उठला आणि गेला. त्याला घरी पोहोचायला पुढचा दिवस उजाडणार होता, हे मला नंतर शिपायाकडून कळले.

त्या रात्री मी डायरीत लिहिले ते वाक्य आजही माझ्याजवळ आहे, आणि त्याची मला लाज वाटते. मी लिहिले होते, ‘बंगाली उद्यमी, माडिया निरिच्छ.’ दोन समाजांचे आर्थिक विश्लेषण मी चार शब्दांत उरकून टाकले होते! आमच्या साहेबांच्या बैठकांतही हेच चाले. एकाची वसुली चांगली म्हणून तो कष्टाळू, दुसरा बँकेत येतच नाही म्हणून तो आळशी.

श्रोतेहो, आता हिशेब नीट मांडू या. बंगाली निर्वासिताने सारे गमावले होते हे खरे. घर, नदी, देव्हारा, पूर्वजांची राख, सगळे सीमेपलीकडे राहिले. पण इथे आल्यावर सरकारने त्याच्या हातात एक कागद दिला. एवढी जमीन तुझी. त्या कागदावर कर्ज मिळाले, कर्जावर पंप आला, पंपावर दुसरे पीक आले. काही भागात रेगडीच्या कन्नमवार जलाशयाचे पाणीही पोहोचले. कष्ट त्यांचेच होते, त्याला तोड नाही. पण कष्टाला धरायला एक खुंटी होती.

माडियाने काहीच गमावले नव्हते, असे वरवर दिसते. तो होता तिथेच होता. पण त्याच्या पायाखालची जमीन कागदावरून सरकत गेली. अहेरीच्या जमीनदारीतले जंगल 1951 मध्ये जमीनदारी संपल्यावर सरकारकडे आले. डोंगरउतारावर जागा बदलत करायची त्याची पेंडा शेती हा गुन्हा ठरला. बांबू कारखान्याच्या ठेक्यात गेला. तेंदूपानांचा व्यापार 1969 च्या कायद्याने सरकारी नियंत्रणात आला. जंगल त्याच्या दारात आणि तो त्यात मजूर. त्याच्याकडे मोह होता, चारोळी होती, अडीअडचणीला बियाणे देणारा शेजारी होता, जंगलाचे पिढ्यान्पिढ्यांचे ज्ञान होते. बँकेच्या अर्जात यांतल्या एकाही गोष्टीसाठी रकाना नव्हता. म्हणून माझ्या लेखी त्याची संपत्ती शून्य.

म्हणजे ज्याला मी स्वभावातला फरक समजत होतो, तो निम्म्याहून अधिक कागदातला फरक होता.

इथे भाषण संपवले असते तर ते सोपे झाले असते. माडियांवर अन्याय झाला, बंगाल्यांना सारे मिळाले, असे म्हणून मोकळे होता आले असते. पुष्कळ लोक तसे म्हणतातही, आणि दोन गरिबांत त्यावरून कडवटपणा येतो. पण पुढच्या पिढीत पारडे फिरले.

2006 मध्ये वनहक्क कायदा झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा तेव्हा देशभर गेली. 2011 मध्ये त्या गावच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. ज्या बांबूसाठी माणूस चोर ठरत होता, तोच बांबू गाव स्वतः विकू लागले. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. कित्येक गावे तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. भाव चढतात, पडतात, ठेकेदार पैसे अडकवतात, सारे सुरळीत आहे असे नाही. पण हिशेबाची वही गावात आली.

आणि बंगाली? त्याच कायद्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. साठच्या दशकात आलेल्या माणसाने 2005 पूर्वीची 75 वर्षे कुठून आणायची? नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती यावी ही मागणी माझ्या नोकरीच्या काळापासून ऐकतो आहे. गडचिरोलीतले तिन्ही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे आपल्याच भागात आमदारकीला उभे राहण्याचा मार्ग या मुलांना नाही. सरकारी वाटपाची जमीनही बहुधा वर्ग-2 ची, विकायची तर परवानगी हवी. आजोबाला मिळालेल्या तुकड्याचे नातवंडांत किती भाग पडणार? म्हणून आता तरुण मुले मजुरीला दूरदूरच्या शहरांत जातात.

जनगणनेचे आकडे उघडून पाहिले तर यातले काहीच दिसत नाही. 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास आणि अनुसूचित जमाती 38.7 टक्के. माडिया त्या टक्क्यांत इतरांबरोबर विरघळून जातो आणि बंगाली उरलेल्यांत.

जगातही अशा जोड्या आहेत. अमेरिकेतल्या अरापाहो लोकांना 1851 च्या तहाने विस्तीर्ण प्रदेश मान्य झाला होता. सोने सापडले आणि तो कागद फाटला. 1864 मध्ये सँड क्रीकला त्यांच्या आणि शायान लोकांच्या बायकामुलांचीही कत्तल झाली. पुढे 1878 मध्ये उत्तरेकडच्या अरापाहोंना वायोमिंगमध्ये विंड रिव्हरला बसवण्यात आले, तेही शोशोनी या त्यांच्या जुन्या वैऱ्यांच्या राखीव प्रदेशात. आजही दोन्ही जमाती तिथे एकत्र राहतात. जमैकातल्या लोकांची गोष्ट उलटी. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून उचलून आणले. 1838 मध्ये ते पुरते मुक्त झाले तेव्हा ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना. गुलामांच्या हाती जमिनीचा तुकडाही दिला नाही. एकाच्या खालून जमीन काढली, दुसऱ्याला जमिनीवरून काढले. या दोघांचे उत्पन्न शेजारी मांडून कोण पुढे, कोण मागे असे विचारणे म्हणजे माझ्या त्या डायरीतल्या वाक्यासारखेच आहे. आधी विचारायला हवे की शर्यत सुरू झाली तेव्हा कोणाच्या हातात काय होते, आणि ते कोणी ठरवले.

निवृत्तीनंतर मी एकदा त्या भागात गेलो. आल्लापल्ली-आष्टी रस्त्यावर आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. आष्टीला चहा पिताना दोन मुले भेटली. एक माडिया, एक बंगाली, दोघे एकाच कॉलेजात. दोघांची घरची भाषा वेगळी, दोघेही मराठी शाळेत शिकले, आता एकमेकांशी मराठीतच बोलत होते. आणि दोघांचीही तक्रार एकच, दाखला. जमातीच्या पडताळणीसाठी एकाकडे 1950 पूर्वीचा पुरावा मागितला होता. दुसऱ्याला सांगितले होते की जात यादीत आली तरी 1950 मध्ये तुमचे घराणे या राज्यात होते का, हे विचारले जाईल. त्या साली एकाच्या आजोबांच्या गावात शाळा नव्हती. दुसऱ्याच्या आजोबांचे गाव दुसऱ्या देशात होते.

मी त्यांना म्हणालो, ‘तुम्ही दोघे मिळून अर्ज का करत नाही?’ ती हसली. बंगाली मुलगा म्हणाला, ‘काका, आमचे नेते एकमेकांविरुद्ध मोर्चे काढतात.’ माडिया मुलगा काही बोलला नाही. त्याने मित्राचे चहाचे पैसे दिले.

मग मी पुढे भामरागडला गेलो. ज्याला मी नाही म्हणालो होतो, त्याचे घर शोधले. तो गेला होता. मुलगा भेटला. त्याने पत्र्याच्या पेटीतून वनहक्काचा पट्टा काढून दाखवला. बापाच्या हयातीत आला नाही, पण आला. मी विचारले, यावर कर्ज घेतले का? तो म्हणाला, ‘बँकवाला म्हणते, हा कागद गहाण राहत नाही.’

खरे आहे. वनहक्काची जमीन वारसाने मिळते, पण विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. ती त्याच्या हातून जाऊ नये म्हणूनच तसा कायदा आहे. पण लहान शेतीकर्जाला तारण लागतच नाही. ही मर्यादा 2019 पासून 1 लाख 60 हजार होती आणि 2025 पासून 2 लाख आहे. म्हणजे पीककर्ज देता येते, देणाऱ्याची इच्छा हवी. हे मी त्याला समजावले, एका कागदावर लिहून दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शाखेत गेलो. काउंटरच्या त्या बाजूला मी पहिल्यांदाच उभा राहिलो. आत बसलेला तरुण अधिकारी नम्र होता. त्याने पट्टा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ‘वरच्या ऑफिसला विचारून सांगतो.’

आम्ही बाकावर बसलो. तो मुलगा शांत होता, त्याच्या बापासारखाच. माझा मात्र जीव वरखाली होत होता. 1992 सालचा तो माणूस उठून निघून गेला तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे मला त्या बाकावर थोडेसे कळले.

तेव्हा श्रोतेहो, दोन समाजांची तुलना करण्याची वेळ आली तर एकदा तरी काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहावे, एवढीच विनंती.