रेडिओच्या पोटातला प्रोग्राम



जुन्या रेडिओत केंद्र लागत असे ते कॉइल आणि गँग कंडेन्सरच्या जोरावर. त्यात फेरबदल करायचा तर डाग द्यावा लागे. नव्या पद्धतीच्या रेडिओत आलेल्या लहरीचे आकडे केले जातात आणि नको ते गाळणे, आवाज वेगळा काढणे ही कामे हिशेबाने होतात. असे यंत्र चालविणारा, चिपमध्ये साठविलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. २०१० च्या सुमारास तेथे खास घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांवरील प्रोग्राम करू लागला. तबकड्या त्याच राहिल्या.

हीच विद्या तळहातावर मावणाऱ्या संचातही शिकता येते. सी ४७३२ ही रेडिओची चिप आणि तिला हुकूम देणारी ईएसपी ३२ ही चिप, एवढाच त्याचा संसार. अशा काही संचांचे फर्मवेअर मूळ स्वरूपात सर्वांना खुले आहे. ते संगणकावर उतरवून घ्यावे, वाचावे, थोडे बदलावे, कंपाइल करावे आणि यूएसबीच्या वायरने संचात भरावे.

बदलायचे काय? अमेरिकेत मध्यम लहरीची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. सांगली आकाशवाणीचा ओळखीचा आकडा १२५१. त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. दहाच्या उड्या मारणारा संच १२५० वरून थेट १२६० वर जातो. प्रोग्राममधला तो १० शोधून ९ करणे हा पहिला धडा समजा. संगणकावर बोर्डाचे नाव चुकीचे निवडले तर पडदा काळा राहील. घाबरू नये; नाव सुधारून पुन्हा भरावे. मूळ फर्मवेअर मात्र आधीच जपून ठेवावे.

हौशी रेडिओवाल्यांचे सिंगल साइडबँड बोलणे ऐकण्यासाठी या चिपला एक जादा प्रोग्राम द्यावा लागतो. वीज बंद झाली की ती तो विसरते, म्हणून फर्मवेअर तिला तो पुन्हा शिकविते. मला यातली ही सर्वांत गोड गोष्ट वाटते.

पालक विचारतील, याने पोट भरेल काय? डेअरीतले दुधाचे फॅट मोजणारे यंत्र, वजनकाटा, विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर, सगळ्यांच्या पोटात फर्मवेअरच आहे. ज्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, तेथे यंत्र उघडून पाहण्याचे वावडे असू नये. अल्गोरिदम हा शब्दही नवव्या शतकात बगदादेत काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला. आणि हो, मुलीच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिसला की आपण तो काढून घेतो. तो तिच्याकडेच राहू द्या.

संच लावताना एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर बंद ठेवा. त्यांची खरखर फार येते. गच्चीवर एरियलची तार बांधाल ती विजेच्या तारांपासून लांब असावी, आणि आभाळ गरजू लागण्यापूर्वीच ती संचापासून काढावी. हा संच फक्त ऐकण्याचा आहे. हौशी केंद्र चालवून बोलायचे तर सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. सुरुवातीला चौघांत मिळून एक संच पुरे.