किरणोपचारानंतरची पेशी आणि जनुकांची मोजणी

(विकृतिशास्त्र विभागाच्या वतीने वार्षिक सभेत केलेले भाषण)



विकृतिशास्त्र विभाग रुग्णाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. म्हणून आज एकाच तपासणीविषयी जरा सविस्तर सांगण्याची अनुमती घेतो.

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. साहजिकच बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात. क्ष-किरणांच्या माऱ्याने डीएनएचे धागे तुटतात. पेशी ते पुन्हा सांधते. पण सांधा चुकला, तर एखादा तुकडा गळतो किंवा त्याच्या प्रती वाढत जातात. किरणांमुळे आनुवंशिक बदल घडतात, हे हर्मन मुल्लर यांनी १९२७ साली फळमाशीवर सिद्ध केले होते.

स्तन राखून कर्करोगाची शस्त्रक्रिया केल्यावर सामान्यतः किरणोपचार देतात, आणि ते योग्यच आहे. दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या २०११ सालच्या एकत्रित अभ्यासात, दहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण त्यामुळे ३५ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर आलेले दिसले. मात्र फारच थोड्या स्त्रियांच्या त्याच त्वचेवर काही वर्षांनी जांभळट डाग उठतो. तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी विकार असेल, किंवा अँजिओसार्कोमा हा उग्र कर्करोग. पहिल्यास लहानसा छेद पुरतो. दुसऱ्यात बहुधा संपूर्ण स्तन काढावा लागतो. आणि सूक्ष्मदर्शकाखाली तर दोघे कधी कधी जुळ्या बहिणींसारखे दिसतात!

अशा वेळी आठव्या गुणसूत्रावरील ‘मिक’ जनुक मोजतात. ऊतीच्या चार-पाच मायक्रॉन जाडीच्या कापावर डीएनएचे चकाकणारे शोधक तुकडे चिकटवितात: जनुकासाठी तांबडा, गुणसूत्राच्या मध्यबिंदूसाठी हिरवा. मग अंधाऱ्या खोलीत एकेका पेशीकेंद्रकातील ठिपके मोजावयाचे. कापताना केंद्रकेही चिरली जातात, त्यामुळे निरोगी पेशीतही कधी एकच ठिपका दिसतो. म्हणून अनेक पेशी मोजून तांबड्याचे हिरव्याशी गुणोत्तर काढतात. दोन्ही रंग सारखेच वाढले, तर वाढ संपूर्ण गुणसूत्राची. तांबड्यांचे पुंजकेच्या पुंजके आणि हिरवे दोनच, तर मात्र शंकेस जागा उरत नाही. किरणोपचारानंतरच्या बहुसंख्य अँजिओसार्कोमांत हेच आढळते. निरुपद्रवी विकारांत सहसा नाही. मोजणी सामान्य आली म्हणून कर्करोग नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही.

हा रोग विरळा. त्यासाठी स्वतंत्र यंत्रसामग्री कशाला, असा प्रश्न विश्वस्तांना पडणे रास्त आहे. उत्तर असे की, स्तनाच्या कर्करोगातील ‘हर-टू’ जनुकाची मोजणी याच पद्धतीने होते, आणि तिची गरज वारंवार भासते.

रुग्णांच्या आप्तांना एक विनंती. किरणोपचार झालेल्या जागी कितीही वर्षांनी नवा डाग किंवा गाठ दिसल्यास मलमावर दिवस काढू नयेत. येताना किरणोपचारांचे जुने कागद, विशेषतः मात्रा व तारखा असलेला कागद, जरूर आणावा.