पिशवी काढण्यापूर्वीं



छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जातांना वाटेंत बिडकीन लागतें. तेथें काय किंवा शहरांत काय, "एकदां पिशवी काढली म्हणजे कटकट मिटेल," हें वाक्य सहज ऐकूं येतें. त्या वाक्याचा आज थोडा विचार करूं.

स्त्रियांचे आजार विरळा नाहींत. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला; पूर्वीं तपासणी झालेल्या मात्र शेकडा ८ च होत्या.

आजार अनेक, तसे उपायहि अनेक. अंगावरून थोडें पांढरें जाणें स्वाभाविक आहे. दुर्गंधी वा खाज असल्यास तो बहुधा संसर्ग होय, व तो औषधानें बरा होतो. पाळींत रक्त फार जात असल्यास लोहाच्या गोळ्या, स्राव कमी करणारीं औषधें, किंवा गर्भाशयांत बसविण्याचें हार्मोनयुक्त साधन यांनीं पुष्कळदां भागतें. गांठ असल्यास अनेकदां तेवढी गांठच काढतां येते. अंग बाहेर येत असल्यास व्यायाम व आधाराची कडी यांनीं आराम पडतो.

बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांचे गर्भाशय तरुण वयांतच काढले गेल्याचें उघड झालें, तेव्हां २०१९ सालीं शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. पाळीच्या दुखण्यानें खाडा पडला कीं मजुरी बुडते, ही त्यामागची एक विवंचना. परंतु गर्भाशयाबरोबर बीजकोशहि गेले, तर ऋतुनिवृत्ति अकालीं येते, हाडें ठिसूळ होतात व हृदयविकाराचा संभव वाढतो.

कर्करोगाच्या भीतीला खरें उत्तर तपासणी हें आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदांच केलेली एच.पी.व्ही. तपासणी व त्यानुसार उपचार यांमुळें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारें निम्म्यानें घटले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

शस्त्रक्रिया कधीं कधीं अटळ असते. तेव्हां ती टाळूं नये. पाळी बंद झाल्यावर पुन्हां रक्त दिसल्यास तर विनाविलंब तपासून घ्यावें. एरवीं तीन प्रश्न विचारावेत: आजाराचें नांव काय? औषधानें भागेल काय? बीजकोश ठेवतां येतील काय? आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईला हे प्रश्न विचारण्याचा धीर होत नसेल, तर घरांतील कोणीं तरी तिच्याबरोबर दवाखान्यांत जावें.