पार्कमधला अख्खा दिवस, दम राखून

मयूर विहार फेज १ला नोएडाकडची ब्लू लाइन धरली, की पाचवं स्टेशन सेक्टर १८. तिथून जवळच ‘वर्ल्ड्स ऑफ वंडर’. मे-जूनची सुट्टी, पारा ४०च्या पुढे, आणि आपलं एकच चालू: तिकिटाचे पैसे वसूल! पण तिकीट दिवसभराचं असलं, तरी अंगातली ताकद दिवसभराची नसते.

म्हणून दिवसाचे तीन भाग करा. गेट उघडल्यावर पहिल्या तासात रांगा लहान असतात. मोठ्या राइड्स तेव्हाच उरका. दुपारच्या गर्दीआधी जेवून घ्या, तेही बेताचं. मग तासभर सावलीत नुसतं बसा. ऊन कललं की पाण्यात उतरा.

पाण्यात खेळतानाही घाम जातो, फक्त कळत नाही. मुलं खेळाच्या नादात तहान सांगत नाहीत, आजी-आजोबा संकोचाने सांगत नाहीत. दर अर्ध्या तासाने तुम्हीच पाणी पुढे करा. कुणाला गरगरलं, मळमळलं, तर रांग सोडून सावलीत न्या, अंगावर ओला कपडा फिरवा. बोलणं असंबद्ध वाटलं, तर तो उष्माघात असू शकतो; ताबडतोब डॉक्टर गाठा.

घरातलं जे माणूस सगळ्यात आधी दमतं, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. आणि परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळेलच असं नाही. तेवढं बळ पायांत राखून ठेवा.