समुद्रकाठचे घर : उष्णता, आर्द्रता आणि गारव्याचे नियोजन



समुद्रकाठच्या घरांविषयीचे विवेचन समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जयपूरच्या आदर्श नगरात व्हावे, हे वरकरणी विसंगत वाटेल. परंतु किनाऱ्यावरील उकाड्याचे स्वरूप समजून घेण्यास हे ठिकाण सोयीचे आहे. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा खिडकीतील कूलर खोली सुखावह करतो. जुलैमध्ये पाऊस सुरू झाला की पारा उतरतो. पण तोच कूलर निरुपयोगी ठरतो आणि अंथरूण-पांघरूण दमट होते. घर तेच, यंत्र तेच. बदललेले असते ते हवेतील बाष्पाचे प्रमाण. जयपूरकरांना पावसाळ्यात येणारा हा अनुभव रत्नागिरी, मालवण किंवा पणजी येथील रहिवाशांना ऐन उन्हाळ्यातही येतो.

बाष्पीभवनाचे गणित

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कूलरचा गारवा आणि घामाने शरीराला मिळणारा दिलासा, दोन्ही याच तत्त्वावर अवलंबून आहेत. हवा ४२ अंश तापमानाची व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याने वेढलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. अशा हवेत चांगला कूलर खोलीत २६ अंशांच्या आसपासचा वारा देऊ शकतो. किनाऱ्यावर हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओला तापमापक २८ अंशांच्या खाली उतरत नाही. कूलरचा वारा जेमतेम २९ अंशांचा असतो आणि तो बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. तापमान थोडे घटते, पण घाम वाळत नाही. म्हणून किनाऱ्यावरील घरात कूलर बसवणे हा बहुधा वाया जाणारा खर्च होय.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट ठरण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते. किनारपट्टीवर मात्र ३७ अंश तापमान आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांची वाढ पुरेशी मानली जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात, खुल्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर १४ जणांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशी तेथील पारा चाळिशीपर्यंत पोहोचला नव्हता. दमट हवेत कमी तापमानही घातक ठरू शकते, हा धडा नियोजनकर्त्यांनी आणि घरमालकांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भिंत, छप्पर आणि वारा

मे महिन्यात जयपूरचे कमाल तापमान ४० अंशांच्या, तर किमान २६ अंशांच्या आसपास असते. रात्रीच्या या उतारामुळे जाड भिंती दिवसा शोषलेली उष्णता रात्री बाहेर टाकू शकतात. मुंबईत याच महिन्यात कमाल ३३ व किमान २७ अंशांच्या आसपास असते. तेथे उन्हात तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री पुरेसा निवत नाही व झोपेच्या वेळी खोलीतच उष्णता सोडत राहतो.

कोकणातील पारंपरिक घराने हे जाणले होते. उतरते कौलारू छप्पर, त्याखालील माळा, जांभ्याच्या भिंतींवर सावली धरणाऱ्या खोल पागोळ्या आणि घराभोवतीची पडवी, या सर्वांचा हेतू ऊन अडवणे आणि वारा खेळता ठेवणे हाच होता. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री उलट दिशेने वाहणारे मतलई वारे हे किनाऱ्याला लाभलेले वरदान होय. स्लॅबचे घर बांधताना ही रचना टाकून दिली गेली, तर तिची भरपाई विजेच्या देयकातून करावी लागते.

घरमालकांसाठी उपाय

पहिला उपाय छपराचा. स्लॅबवर हवा खेळेल असे अंतर राखून कौलांचे किंवा पत्र्याचे दुसरे छप्पर घालावे. ते शक्य नसल्यास पांढरा परावर्तक रंग द्यावा. पावसाळ्यात शेवाळ धरत असल्याने हा रंग दिवाळीनंतर स्वच्छ करून घेणे आवश्यक असते. दुसरा उपाय खिडक्यांचा. वाऱ्याच्या दिशेला एक आणि समोरच्या भिंतीत दुसरी अशी उघडी जागा हवी. एकाच भिंतीतील मोठी खिडकी तितकी उपयोगी पडत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून समुद्राचा वारा येतो, तसेच मावळतीचे ऊनही येते. यास्तव ती बंद न करता तिच्यावर छज्जा व बाहेरून झडप असावी. तिसरा उपाय पंख्याचा. सर्वसाधारण छताचा पंखा सुमारे ७५ वॉट, तर ब्रशविरहित मोटरचा पंखा सुमारे ३० वॉट वीज घेतो.

वातानुकूलन यंत्र घ्यायचेच असेल, तर ते खोलीच्या गरजेपेक्षा मोठे नसावे. असे यंत्र खोली झटपट थंड करून थांबते. बाष्प मात्र पुरेसे काढत नाही. यंत्र २४ अंशांवर ठेवून जोडीला पंखा चालवणे किफायतशीर ठरते. खाऱ्या वाऱ्यामुळे यंत्राच्या बाहेरील भागातील तांब्याच्या नळ्या व ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या यांचे गंजणे वेगाने होते. म्हणून हा भाग समुद्राच्या थेट वाऱ्यात बसवू नये, गंजरोधक लेप असलेला घ्यावा आणि वीज बंद करून वेळोवेळी गोड्या पाण्याने धुवावा.

राहिला हिवाळा. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथे थंडी सौम्य असते. खोली तापवण्याची गरज क्वचितच भासते. स्नानाच्या पाण्यासाठी सौर उष्णजल संयंत्र पुरते.

धोरणाची चौकट

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'इको निवास संहिते'ने हवामान विभागानुसार वेगवेगळे निकष घालून दिले. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे घराच्या क्षेत्रफळाशी किमान प्रमाण जयपूरसारख्या संमिश्र हवामानात १२.५ टक्के, तर उष्ण-दमट किनाऱ्यावर १६.६६ टक्के ठरवण्यात आले. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

ही उद्दिष्टे कागदावरून घरात उतरायची असतील, तर संपूर्ण देशाला एकच उपाय लागू पडत नाही, हे प्रथम मान्य करावे लागेल. आदर्श नगरात मे महिन्यात पाणी मारून हवा गार करावी. मालवणात ऊन अडवून वाऱ्याला वाट द्यावी. परीक्षेतील उत्तरात आणि घराच्या आराखड्यात, दोन्हीकडे हा भेद नेमका मांडता आला पाहिजे.